लिंबगव्हाणची फायनल

क्रिकेटचा सामना बघायला परभणी जिल्ह्यात चाललोय, असं मी ऑफिसात सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, तिकडे क्रिकेट खेळतात का? विचारणारे गृहस्थ आयुष्यात दौंडच्या पलीकडे गेलेले नव्हते. खरं सांगायचं तर मीही नव्हतो. मी चिपळूणचा. नोकरीनं पुण्यात आलो आणि पुण्याच्या पूर्वेला अजून किती मुलूख उरलाय याचा कधी विचारच केला नाही. आता जाऊन आलोय, म्हणून ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो.

या सगळ्याचं कारण वसंत. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. सेलू तालुक्यात वालूरच्या पलीकडे लिंबगव्हाण नावाचं गाव आहे, तिथला तो. घरची जमीन मोठी, ती थोरला भाऊ बघतो. हा शिकून इकडे आला आणि इकडचाच झाला. सणावारालाही फारसा जात नाही. मध्ये त्याचा पुतण्या गोविंद खेळाचं सामान घ्यायला पुण्यात आला होता. विश्वचषक आल्यापासून गावानं दर हिवाळ्यात स्पर्धा भरवायला घेतली आहे, यंदाची फायनल लिंबगव्हाण आणि पूर्णेच्या रेल्वेवाल्यांची आहे, असं त्यानं काकाला सांगितलं. जाता जाता म्हणाला, "रेल्वेचा कॅप्टन उत्तम हाय, काका."

उत्तम कोण, हे वसंतनं तेव्हा आम्हाला सांगितलं नाही.  दोन दिवसांनी चहाच्या वेळी कपाकडे बघत म्हणाला, "येता का माझ्या गावाकडं मॅच बघायला? हुरडाही आलाय."

हुरडा हा शब्द ऐकल्यावर आमचा तिसरा सोबती श्रीकांत याला मॅचबद्दल काही विचारायचं राहिलं नाही. सोमवारची रजा टाकली आणि निघालो.

शनिवार

मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो आणि सकाळी सेलूला उतरलो. मधल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. श्रीकांतच्या घोरण्याबद्दल त्याची बायको जास्त अधिकारानं सांगू शकेल.

सेलूहून वालूरपर्यंत एसटी आणि पुढे गोविंदनं आणलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉलीत उभं राहून मी पहिल्यांदा तो मुलूख नीट पाहिला. कोकणात कुठेही नजर टाका, पुढे डोंगर आडवा येतो. इथे नजरेला अडवणारं काही नाही. काळीभोर जमीन, तिच्यात पुरुषभर उंचीची ज्वारी, मध्येच कापसाचं पांढरं रान, बांधावर बाभळी, आणि या सगळ्यावर इतकं मोठं आभाळ की मला सुरुवातीला थोडं उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. आमच्याकडची लाल माती पायाला लागते आणि धुतली की जाते. ही काळी माती चपलेला चिकटली ती पुण्यापर्यंत आली.

वसंतच्या घरी वहिनींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुमची दस्ती पडली." मी खिसे चाचपले, पिशवी बघितली, दस्ती नावाचं काही माझ्याकडे असल्याचं आठवेना. वहिनींनी शेवटी खाली वाकून माझा हातरुमाल उचलला. निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्याचे शब्द या घरांतून अजून गेलेले नाहीत, आणि वहिनींच्या तोंडी ते मोठे गोड वाटतात.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, लालजर्द आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. आमटीनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं तेव्हा मी हळूच विचारलं, थोडा भात आहे का? वहिनींचा हात थांबला.

"बरं वाटंना का तुमाला?"

"नाही, बरा आहे मी."

"न्हाई, भात इचारलात म्हणून. आमी आजारी माणसाला देतो."

वसंतच्या थोरल्या भावाला सगळं गाव दादाच म्हणतं. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं मोजकं. तरुणपणी परभणीच्या हायस्कुलात शिकताना ते विकेटकीपर होते. आजही तळहात पुढे करून दाखवतात. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. माझी त्यांनी बारकाईनं चौकशी केली. कोकणात पाऊस किती, भात किती होतो, आंब्याला बाजार कुठला. शेवटी विचारलं, "क्रिकेटचे रूल माहीत हायेत का तुमाला?"

मी म्हटलं, "रेडिओवर ऐकून ऐकून पाठ झालेत."

त्यांनी मान हलवली. या प्रश्नामागे काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुपारी आम्ही मळ्यात गेलो. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि ते गरम, कोवळे, हिरवे दाणे तिळाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. श्रीकांत कणसांमागून कणसं संपवत होता. वसंत मात्र कणीस नुसतं हातात फिरवत होता. गोविंद लाकडं आणायला लांब गेला तेव्हा मी विचारलं, "हा उत्तम कोण?"

"माझ्याबरोबरचा. एका वर्गात होतो आम्ही. शाळेच्या टीमला दोघं ओपनिंग करायचो." पुण्यात वसंत आमच्यासारखं बोलतो, पण त्या दिवशी बोलता बोलता त्याची भाषा गावाकडची होत गेली. "वस्तीवरचा होता. घरी यायचा, जेवायचा. थाळी त्याची वेगळी, अंगणात. मला तेव्हा त्यात काही वाटलं न्हाई. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं, त्या साली कसं वातावरण झालतं तुमाला ठाऊक हाय. आमच्या वस्तीवरही एका रात्री आग लागली. कुणी लावली ते सगळ्या गावाला माहीत हाय, आन कुणालाच माहीत न्हाई. उत्तमचा बाप पळत आमच्या दारात आला. दार वाजवायला लागला. दादा म्हणला, उघडू नको."

"आणि तू?"

"मी आत उभा व्हतो." त्यानं कणीस आरावर ठेवलं. "दार मीही उघडलं न्हाई. सकाळी वस्तीतली निम्मी घरं रिकामी. उत्तम मायबापाला घेऊन पूर्णेला मामाकडं गेला. मामा रेल्वेत व्हता. बाप तिकडंच वारला, असं कळलं."

"पुन्हा भेटलास?"

"न्हाई. त्याच साली मी पुण्याला आलो."

श्रीकांतनं चोळलेल्या दाण्यांची मूठ वसंतसमोर धरली. वसंतनं ती घेतली, तेवढ्यात गोविंद लाकडं घेऊन परत आला.

रविवार

लिंबगव्हाणचं मैदान म्हणजे गावाबाहेरचं मोठं पडीक रान. मध्ये काथ्याची मॅट खिळे ठोकून ताणलेली. एका बाजूला तुरीचं उभं पीक. चेंडू तुरीत गेला की चार धावा. दुसऱ्या बाजूला जुनी बारव. आमच्याकडे विहीर असते, रहाट असतो. बारव म्हणजे पायऱ्या उतरून आत जायची दगडी विहीर, एखादं देऊळ उलटं जमिनीत बांधावं तशी. एकेकाळी सवर्ण गाव तिचं पाणी प्यायचं. आता नळ आलाय आणि बारवेत काटेरी झुडपं माजली आहेत.

नऊच्या सुमाराला रेल्वेवाल्यांचा टेम्पो आला. सगळ्यांत शेवटी उतरला तो उत्तम, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. काळा, उंच, कानशिलांवर केस पांढरे व्हायला लागलेले, पांढऱ्या पँटीची इस्त्री कडक. उतरल्यावर त्यानं आधी मैदान पाहिलं, मग बारव, मग गावाच्या बाजूला घरांची रांग. वसंत माझ्या शेजारी उभा होता. त्याच्याकडे त्यानं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. वसंतनं हात अर्धा वर केला आणि तसाच खाली घेतला.

तेवढ्यात अंपायरचा वाद सुरू झाला. एक अंपायर रेल्वेचा, एक गावाचा, असा करार होता. गावानं दिलेला अंपायर गोविंदचा मामा निघाला. उत्तम शांतपणे म्हणाला, "मामा चांगला माणूस हाय. पण भाचा बॉलिंग करायलाय."

दादा खुर्चीवरून उठले आणि माझ्याकडे बोट केलं. "हे पावणे कोकणातले हायेत. ह्यांचं ना गाव हितं, ना सोयरं. चालतील का?"

उत्तमनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "चालतील."

मी मॅच बघायला तीनशे-साडेतीनशे मैल आलो होतो आणि आता मॅचमध्ये उभा राहणार होतो. पांढरा कोट गुरांच्या दवाखान्यातून आणला होता. त्याला औषधाचा आणि म्हशीचा वास येत होता, आणि खिशात एक मोठी सुई सापडली, जी श्रीकांतनं दोन बोटांत धरून लांब नेऊन ठेवली.

लिंबगव्हाणनं पहिली बॅटिंग केली आणि दीडशेच्या आसपास मजल मारली. रेल्वेचा अंपायर तिकीट तपासनीस होता. आउट देताना तो बोट असं वर करायचा की पुढचं स्टेशन दाखवतोय असं वाटावं. माझ्या वाट्याला अवघड असं काही आलं नाही, म्हणून मला थोडा चेव आला होता.

डाव संपला तेव्हा दादा रेल्वेच्या टीमजवळ गेले. मी पाणी पीत जवळच उभा होतो.

"जेवण घरी केलंय सगळ्यांचं," दादा म्हणाले. "एकाच पंगतीला. चला."

रेल्वेची पोरं उत्तमकडे बघायला लागली. उत्तम बुटाची नाडी बांधत होता. ती बांधून झाल्यावर तो उभा राहिला.

"आमी डबे आणलेत, दादा."

दादा म्हणाले, "बरं. च्या तर घ्याल?"

"च्या चालंल."

रेल्वेवाले मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली डबे उघडून बसले. घरी पंगतीत वहिनींनी इतक्या लोकांचा स्वयंपाक केला होता, आणि निम्मी पानं रिकामी राहिली. वसंत दोन घास खाऊन उठला.

दुपारी रेल्वेचा डाव सुरू झाला. गोविंद वेगात टाकत होता आणि एका बाजूनं गडी पडत होते. दुसऱ्या बाजूला उत्तम पाय रोवून उभा होता. एकदा त्यानं पुढे येऊन चेंडू असा उचलला की तो सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि बारवेत पडला. खाली पाण्याचा आवाज आला. मी दोन्ही हात वर केले.

आता गंमत अशी, की चामड्याचा चांगला चेंडू तेवढा एकच होता. दुसरा होता त्याची शिवण उसवून साल लोंबत होती. सगळं मैदान बारवेच्या काठावर गोळा झालं. आत बाभळीचे काटे, तळाला हिरवं पाणी. कुणी पुढे होईना. मग वसंत चपला काढून उतरायला लागला.

तो काही पायऱ्या उतरला असेल. उत्तमनं बॅट मॅटवर ठेवली, पॅड सोडले आणि तोही निघाला. पहिल्या पायरीवर त्याचा पाय पडला तेव्हा काठावरच्या माणसांची बडबड थांबली. माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. ते हळूच म्हणाले, "जल्मात पयल्यांदा उतरायलाय तो हितं."

"का?" मी विचारलं, आणि विचारताक्षणीच मला उत्तर कळलं. 

ते दोघे झुडपांआड दिसेनासे झाले. फांद्या मोडल्याचा आवाज येत होता. मध्ये बोलणं ऐकू आलं, पण शब्द कळत नव्हते.  मग पाण्यात धपकन कुणी पडल्याचा आवाज, आणि त्यामागून उत्तमचं हसणं, मोठं, न थांबणारं. वर उभ्या असलेल्या माणसांतही हसू पसरलं, कशाला हसतोय हे ठाऊक नसताना.

वर आले तेव्हा वसंत छातीपर्यंत भिजला होता आणि त्याच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते. चेंडू उत्तमच्या हातात होता. वसंतच्या खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं तो पुसला, माझ्याजवळ आला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सिक्स धरलात ना, साहेब?"

खाली काय बोलणं झालं, हे मी पुढे वसंतला विचारलं. तो म्हणाला, "मी माफी मागायला लागलो. तो म्हणला, आधी बॉल सापडव." मग थोड्या वेळानं म्हणाला, "नंतर मी घसरून पडलो. हात देऊन वर त्यानंच काढलं."

मॅच पुन्हा सुरू झाली. चेंडू भिजून जड झाला होता. रेल्वेची शेवटची जोडी मैदानात होती आणि जिंकायला चार धावा हव्या होत्या. समोर उत्तम, माझ्या बाजूनं गोविंद धावत आला. चेंडू मॅटवर पडून बाहेर निघाला, उत्तमची बॅट पुढे गेली, काहीतरी टक् वाजलं आणि चेंडू कीपरच्या हातात. अकरा गडी आणि त्यांच्यामागे सगळं गाव माझ्याकडे वळून ओरडलं.

आवाज मी ऐकला होता. पण तो चेंडूचा होता की मॅटच्या खिळ्यावर बॅट घासल्याचा, हे मला ठरवता येईना. मी उत्तमकडे पाहिलं. तो सरळ माझ्याकडे बघत उभा होता, चेहऱ्यावर काही नाही. इतक्या माणसांच्या ओरडण्यानं माझं बोट आपोआप वर जायला लागलं होतं, ते मी कोटाच्या खिशात घातलं. खात्री नसेल तर फलंदाजाला द्यायचं, एवढा एकच रूल त्या घटकेला मला आठवत होता.

"नॉट आउट."

आता जे झालं ते लिहायला वेळ लागतो आहे, घडायला लागला नाही. चुन्याच्या रेषेबाहेर बसलेली वीसपंचवीस पोरं आत आली. त्यातल्या एकानं स्टंप उपटून हातात घेतला. तिकडे लिंबाखालचे रेल्वेवाले उठून उभे राहिले. कुणीतरी मागून असा एक शब्द उच्चारला जो मी इथे लिहिणार नाही. तो माझ्यासाठी नव्हता, उत्तमसाठी होता. उत्तमनं बॅट दोन्ही हातांनी धरली. वसंत धावत आला आणि त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. 

मग दादा मैदानात आले. ते धावले नाहीत. पोरांच्या मधून वाट काढत सरळ मॅटपर्यंत आले आणि ज्याच्या हातात स्टंप होता त्याच्या हातातून तो काढून घेतला.

"अंपायरनं सांगितलं ना?" ते म्हणाले. "मागं सरा."

"दादा, कट व्हता तो. सगळ्यांनी ऐकला."

"मागं सरा म्हणलं ना."

पोरं सरली. दादांनी स्टंप स्वतः जागेवर रोवला, आपल्या मुलाकडे वळले आणि चेंडू त्याच्या हातात दिला. "गोविंद, टाक."

गोविंदच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं टाकलेला पुढचा चेंडू चांगला होता, उत्तमनं तो मान देऊन अडवला. त्याच्या पुढचा थोडा आखूड पडला. तो तुरीत गेला.

टाळ्या फार वाजल्या नाहीत. पण कप दादांनीच दिला, दोन्ही हातांनी. चहा घरून पितळी किटलीत आला, वहिनींचे पाहुण्यांसाठी ठेवलेले काचेचे कप आले. दादांनी पहिला कप उत्तमपुढे केला. उत्तमनं तो घेतला आणि माझ्याकडे दिला. "आधी अंपायरला. त्यांचं तोंड सुकलंय." मग दुसरा कप त्यानं स्वतःसाठी घेतला आणि उभ्या उभ्या प्यायला.

निघताना तो मला म्हणाला, "तुमी परत मनमाडला जाणार. मग आजचा मुक्काम पूर्णेला करा. गाडी तिथूनच सुटते, जागा मिळंल. जेवायला माझ्याकडं." आणि वसंतकडे न बघता पुढे म्हणाला, "ह्याला पण आणा."

आम्ही टेम्पोत चढत होतो तेव्हा दादांनी वसंतला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. वसंत येऊन माझ्या शेजारी बसला.

पूर्णा

पूर्णा हे रुळांचं गाव आहे. कुठेही उभे राहा, शंटिंगचा आवाज कानावर येतो, आणि घरांच्या भिंतींना कोळशाची काजळी. दिवेलागणीला आम्ही उत्तमच्या क्वार्टरवर पोचलो. दारात त्याची आई होती, यमुनामाय. लहानखुरी, केस पिकलेले, हिरवं लुगडं. तिनं वसंतला ओळखायला थोडा वेळ घेतला, की मुद्दाम लावला, कोण जाणे.

"वसंता हाय व्हय? ये. बस."

वसंत बसला. नंतर त्यानं मला सांगितलं, गावात ती त्याला छोटे मालक म्हणायची. नावानं हाक तिनं त्या दिवशी पहिल्यांदा मारली.

जेवायला भाकरी, भरली वांगी आणि, मला खरं वाटेना, वाफाळता भात. उत्तमनं टेम्पोतून उतरल्या उतरल्या सांगून ठेवलं होतं की एक पाव्हणा कोकणातला आहे. आम्ही सगळे एका ओळीत बसलो. श्रीकांतनं भरल्या वांग्याची कृती विचारली आणि यमुनामायनं त्याला ती दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा तो ऐकण्याऐवजी खात होता.

जेवण होत आलं तेव्हा उत्तम मला म्हणाला, "साहेब, एक सांगू? कट लागला होता."

माझा हात भातात तसाच राहिला. "कसला?"

"तुमी नॉट आउट दिलात तो. बारीकसा, पण लागला होता."

"मग तुम्ही निघून का नाही गेलात?"

"निघणार होतो. एक पाय उचलला पण होता. तेवढ्यात तुमी म्हणालात नॉट आउट, आन सगळं गाव अंगावर आलं. मग म्हणलं, आता न्हाई. आता हितून ह्यांच्या ओरडण्यानं जायचं न्हाई." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "तुमच्या निकालावर शंका न्हाई माझी. तुमी इमानदारीनं दिला."

मला हसावं की लाजावं ते समजेना. वसंत खाली बघत म्हणाला, "दादाला ठाऊक हाय."

"काय?"

"कट व्हता ते. निघताना मला तेच सांगितलं. म्हणला, मी इतकी वर्षं कीपिंग केली, आवाज मला कळतो. खुर्चीवर बसून ऐकला मी."

 बाहेर एक इंजिन वाफ सोडत गेलं. मग उत्तम अगदी हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे ऐकू येतं म्हणायचं दादाला."

 यमुनामाय आत चुलीजवळ होती. ती तिथूनच म्हणाली, "माझी बहीण कशी हाय, वसंता? अजून वस्तीवरच ऱ्हाते ना?"

"हाय. डोळ्यानं कमी दिसतंय, गावात म्हणत होते."

"मला न्यायला येतं का कुणी, म्हणून वाट बघून बघून मी थकले. ह्यो नेत न्हाई." तिनं उत्तमकडे मान केली. "तू उद्या सेलूवरूनच जाणार न्हाई का? मला सोड तिच्याकडं."

"आई," उत्तम म्हणाला, "मी त्या गावात मॅचपुरता गेलो. राहायला येणार न्हाई."

"तुला कुणी म्हणलं चल म्हणून?"

 वसंत म्हणाला, "नेतो मी, माय."

सकाळी उत्तम आम्हाला गाडीत बसवून द्यायला आला. कामाचे निळे कपडे, हातात आईची पिशवी. तिला त्यानं खिडकीची जागा मिळवून दिली आणि बाहेर उभा राहून उगाच खिडकीची दांडी हलवून बघत राहिला. गाडी हलली तेव्हा तो दोन पावलं बरोबर चालला आणि वसंतला म्हणाला, "ऊन व्हायच्या आत पोचव तिला."

सेलूला ते दोघे उतरले. वसंतनं तिची पिशवी घेतली, ती तिनं परत मागून घेतली. आम्ही खिडकीतून बघत होतो. ती पुढे आणि वसंत मागे, असे ते एसटीच्या वाटेला लागले. श्रीकांत म्हणाला, "ह्याची रजा वाढणार." तशी ती वाढली.

वसंत गुरुवारी ऑफिसात आला. डबा खाताना मी विचारलं, काय झालं तिकडे. त्यानं सांगितलं, यमुनामाय अजून तिथेच आहे, आठ दिवस राहीन म्हणते. उत्तम आला नाही, पण तिला न्यायला येईन असा निरोप त्यानं धाडलाय. कुठपर्यंत येईल ते मात्र सांगितलेलं नाही. वहिनी वस्तीवर जाऊन तिला भेटून आल्या. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा गेले.

"एकटे?"

"मी बरोबर होतो. दादा अंगणात उभाच राहिला. ती जात्यावर बसली होती, उठली न्हाई. दादा म्हणला, माय, त्या रात्री मला ऐकू आलं होतं."

"आणि ती?"

"म्हणली, ठाऊक हाय मला. मग लय वेळ ती दळतच राहिली. पीठ भरून झाल्यावर म्हणली, उभा का, बस."

"मग?"

वसंतनं डब्याचं झाकण लावलं. "दादा खाली बसला," तो म्हणाला. "आणि त्यानं तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं."